अनुभव धागा: मैदान रिकामं असतानाचा फुटबॉल

केशरी टोपी (धागाकर्ता)

जुलै लागला की आमच्यासारख्यांचे हाल सुरू होतात. मॅच नाही, गुणतक्ता नाही, शनिवारी संध्याकाळी करायला काही नाही. आणि तरी वर्षातली सगळ्यात कडाक्याची भांडणं याच दिवसांत होतात. कोण गेला, कोण आला, प्रशिक्षकाला का काढलं, अमक्याचा गुडघा कधी बरा होणार. यंदा तर ११ जुलै २०२५ ला आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, पुढचा मोसमच स्थगित ठेवल्याचं पत्र आलं, त्यामुळे आमची सुट्टी संपणार कधी तेही कळत नाही. म्हटलं, बसून कुढण्यापेक्षा धागा काढू.

गेलेला खेळाडू, हाकललेला प्रशिक्षक, मोडलेला पाय: यातलं तुमच्या जिव्हारी काय लागलं ते लिहा. बातम्यांतलं नको, तुमच्यावर बेतलेलं हवं. आणि खरा फुटबॉल कोणता हा वाद इथे नको. पायाने खेळत असाल तरी या, हाताने खेळत असाल तरी या.

माझ्यापासून सुरुवात. मी एफसी पुणे सिटीचा. २०१४ ते २०१९, बालेवाडी. २०१७-१८ ला मार्सेलिन्यो आणि अल्फारो ही जोडी होती तेव्हा आम्ही उपांत्य फेरी गाठली. पुण्यात ०-०, मग बंगळुरूत छेत्रीने एकट्याने तीन घातले आणि खेळ खलास. पुढच्या मोसमात तीन मॅच झाल्या नाहीत तोच प्रशिक्षक मिगेल आंखेल पोर्तुगाल गेले. मध्ये प्रद्युम रेड्डींनी गाडा ओढला, मग फिल ब्राऊन आले. आम्ही मित्र त्या उन्हाळ्यात ब्राऊनला कोणते दोन खेळाडू हवेत यावर चहाच्या टपरीवर तास-तास घालवत होतो. कागदावर अकरा नावं लिहायची, खोडायची, परत लिहायची.

आणि क्लबच बंद झाला. त्या जागी हैदराबादचा नवा संघ उभा राहिला. ब्राऊन तिकडे, मार्सेलिन्यो तिकडे. नवरा-नवरीसकट वऱ्हाड दुसऱ्याच मांडवात, आणि आम्ही इकडे अक्षता मुठीत धरून उभे. खेळाडू संघ सोडून गेला तर त्याला शिव्या तरी देता येतात. टपरीवाल्याने एकदा विचारलं, "साहेब, ती यादी नाही का करत आता?"

टोपी अजून आहे. ट्रेकला घालतो.

जर्सीवाला

हाताने खेळणाऱ्यांचा नंबर लवकर लागला म्हणायचा.

मी एडिसनला राहतो. अमेरिकन फुटबॉलची लीग एनएफएल, त्यातला माझा संघ न्यूयॉर्क जेट्स, नाव न्यूयॉर्कचं आणि मैदान आमच्या न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डला. २०१० च्या मोसमानंतर या संघाने बाद फेरी पाहिलेली नाही. माझा मुलगा २०११ च्या नोव्हेंबरचा. म्हणजे त्याने जन्मात नाही पाहिली. शाळेत इतर पोरं जायंट्सच्या, ईगल्सच्या जर्सी घालून येतात. हा हिरवी घालून जातो आणि हसून घेतो. बापाकडून वारसाहक्काने काय मिळावं माणसाला!

२०२३ च्या एप्रिलमध्ये ग्रीन बेकडून ॲरन रॉजर्स आमच्याकडे आला. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू कोणाकडे जाणार हे ठरवणारा, अख्ख्या संघाचा मेंदू. चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस. आमच्या घरात तो उन्हाळा त्याच्याच नावाने गेला. आठ नंबरची जर्सी आली, सरावाचे व्हिडिओ जेवताना चालू. बायको एवढंच म्हणाली, "एकोणचाळीस वर्षांचा आहे ना तो? तुझ्याहून दोनच वर्षांनी लहान. परवा अंगणातलं गवत कापताना तुझी पाठ धरली होती."

मी म्हटलं, तो खेळाडू आहे. ती म्हणाली, बरं.

११ सप्टेंबर, सोमवार रात्र, समोर बफेलो बिल्स. ती तारीख इथे काय असते ते सांगायला नको. रॉजर्स हातात मोठा अमेरिकन झेंडा घेऊन बोगद्यातून धावत आला तेव्हा माझ्या शेजारचा सहा फुटी माणूस ढसाढसा रडत होता. आमची जागा अगदी वर, तिथून खेळाडू मुंग्यांएवढे. पोराने दुर्बीण आणली होती.

रॉजर्सचा चौथा स्नॅप, म्हणजे चेंडू हाती येऊन चाल सुरू होण्याची चौथीच वेळ. लिओनार्ड फ्लॉइडने त्याला खाली ओढलं. तो उठला. उभा राहिला. आणि मग आपणहून परत खाली बसला. ते बसणं मला अजून दिसतं. पाडल्यावर माणूस पडतो यात काही विशेष नाही, पण उभा राहिलेला माणूस असा बसला की समजायचं. पोराने दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घोटा मुरगळला असेल. खोटं बोललो. डाव्या पायाचा अकिलीस तुटला होता, टाचेच्या मागची ती जाड दोरी. मोसम चार स्नॅपमध्ये संपला.

गंमत म्हणजे ती मॅच आम्ही जिंकलो. जादा वेळेत, २२-१६. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, कोणीही न निवडलेला झेव्हियर गिप्सन नावाचा पोरगा पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथाडलेला चेंडू, झेलून सगळं मैदान कापत गेला. लोक नाचत होते, पण दर दोन मिनिटांनी कोणाला तरी आठवायचं आणि तो थांबायचा. एखाद्या घरी बारसं आणि सुतक एकाच दिवशी आलं की पाहुण्यांचं तोंड कसं होतं, तसं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ऑफिसातला प्रत्येक जण हाडवैद्य. कृत्रिम गवतामुळे झालं, वयामुळे झालं, सरावाच्या मॅच पुरेशा खेळवल्या नाहीत म्हणून झालं. खेळाडूंच्या संघटनेने खऱ्या गवताची मागणी पुन्हा लावून धरली. मला त्यात बरंचसं पटतं, पण खरं सांगू का, त्या उन्हाळ्यात आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं की हा पडला तर मागे कोण. बायकोने विचारलं होतं.

पुढचं थोडक्यात: तो मोसम सात विजय, दहा पराभव. पुढच्या वर्षी रॉजर्स परतला, पाच मॅचनंतर प्रशिक्षक रॉबर्ट सालेहला काढलं, शेवट ५-१२. यंदा, २०२५ ला, नवा प्रशिक्षक ॲरन ग्लेन, जो पूर्वी आमच्याकडूनच खेळायचा. क्वार्टरबॅकही नवा, जस्टिन फील्ड्स. घरात पुन्हा सरावाचे व्हिडिओ सुरू झालेत.

पेठेतला

जर्सीवाले, तुमच्यात खेळाडू फोडत्यात का न्हाई? का सगळं कायद्यानं?

जर्सीवाला

@पेठेतला, फोडतात, पण वेळापत्रक लावून! मार्चमध्ये करार संपलेल्यांचा बाजार उघडतो. प्रत्येक संघाला पगाराची मर्यादा असते, २०२५ ला २७.९२ कोटी डॉलर होती. त्यामुळे एकाला भरमसाट दिलं की दुसऱ्या तिघांना नारळ. उन्हाळी शिबिराला नव्वद पोरं असतात, ऑगस्टअखेर त्रेपन्न उरतात. बाकीच्यांना बोलावून सांगतात, येताना प्लेबुक, म्हणजे डावपेचांची वही, घेऊन ये. म्हणजे कळलं.

पेठेतला

प्लेबुक घेऊन ये! आमच्यात म्हणत्यात, बूट जमा कर.

आता माझं ऐका. कोल्हापूर. आमच्यात ऑफ-सीझन म्हणजे पावसाळा. शाहू स्टेडियमवर चिखल, पोरं दूधकट्ट्यावर. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस, फुलेवाडी, अशी संघांची नावं. बाहेरच्याला वाटतं ही तालमींची नावं काय हो? तर बहुतेक तालमीच आहेत त्या. कुस्तीच्या तांबड्या मातीतनंच आमचा फुटबॉल उगवलाय. माझी तालीम कुठली ते सांगत नाही. सांगितलं तर खालच्या पन्नास प्रतिक्रिया शिव्यांच्या येतील.

पावसाळा सरत आला की केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडूंची नोंदणी सुरू होते. कोण कुणाकडनं सही करणार, याच्यावर पेठेत जे चालतं ते विधानसभेला पण चालत नाही. खेळाडूला गाडीत घालून चार दिवस पन्हाळ्याला नेऊन ठेवल्याच्या गोष्टी मी लहानपणापासनं ऐकतोय. किती खऱ्या, किती पदरच्या, देव जाणे.

आमच्या गल्लीत एक लेफ्ट विंगर होता. नाव न्हाई घेत. पळायला लागला की धोतरवाल्या म्हाताऱ्यांपासनं शाळेच्या पोरांपर्यंत सगळे उभे राहायचे. आमच्यात मोठा झाला, आमच्याच तालमीच्या कट्ट्यावर झोपायचा. एका पावसाळ्यात बातमी आली, गड्यानं दुसऱ्या पेठेकडनं सही केली.

दोन वर्षं गल्लीत त्याच्याशी कोण बोललं न्हाई. न्हाव्यानं तर कमाल केली. एक गाल केला, आणि म्हटला आलो हं चहा पिऊन. गेला तो गेलाच. पोरगं अर्ध्या दाढीनं पाऊण तास बसून राहिलं. ह्यो प्रसंग आम्ही कितीतरी वर्षं हसून सांगायचो.

मला कारण नंतर कळलं, माझ्या थोरल्या चुलत्याकडनं. ते तेव्हा कमिटीत होते. पोराच्या बहिणीचं लग्न ठरलेलं. त्यानं आधी आमच्याच कमिटीकडं पैसे मागितले. कमिटी म्हटली, बघू. दुसऱ्या पेठेनं बघू म्हटलं न्हाई, पैसे दिले आणि नोकरीचं पण बघितलं. चुलते हे सांगताना सुपारी कातरत होते, वर बघितलं न्हाई.

पुढं सव्विसाव्या वर्षी एका मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला. आमच्याविरुद्धची नव्हती, ते एक बरं. ऑपरेशनला पैसे पाहिजेत म्हणून त्यांच्या पेठेनं वर्गणी काढली. हे आमच्या पेठेला कळलं. झालं! आमची इर्षा माहिती आहे न्हवं? पोरगं आमचं, आणि वर्गणी ते काढणार? रातोरात पावती पुस्तकं छापली. न्हाव्यानं एक दिवसाची सगळी कमाई दिली. त्यांनी आकडा वाढवला की आम्ही वाढवायचो. शेवटी ऑपरेशन होऊन पैसे उरले, आणि उरलेले कुणी परत घ्यायचे यावरनं परत भांडण.

त्यो परत खेळला न्हाई. आता दोन्ही पेठांची बारकी पोरं त्याच्याकडं शिकायला जात्यात.

जाता जाता: २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला आमचा अनिकेत जाधव भारताकडनं दिल्लीत खेळला. ते आठ-दहा दिवस सगळ्या पेठा एका बाजूला होत्या. पुन्हा तसं बघितलं न्हाई.

फक्त वाचनमात्र

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पण जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये आमच्या घरी नवरा जेवताना फोन उलटा ठेवत नाही. एका इटालियन पत्रकाराने तीन शब्द लिहिले की खेळाडू गेला म्हणे. गेल्या वर्षी भाजी आणायला पाठवलं, मंडईत उभं राहून कोणाच्या तरी वैद्यकीय तपासणीची बातमी वाचत बसला आणि मेथीऐवजी शेपू घेऊन आला. आमच्याकडे शेपू कोणीच खात नाही. हा अनुभव चालेल का?

केशरी टोपी

@फक्त वाचनमात्र, पळेल! असेच हवेत.

मडगांवकार

पेठेतल्याचं वाचून मी दोनदा थांबलो. आमची जखम तेवढी मोठी नाही, पण सांगतो.

गोव्याला फुटबॉल म्हणजे काय हे मी लिहायला नको. आम्ही धेंपोला पाच वेळा देशाचं अजिंक्यपद जिंकताना पाहिलं, आणि २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं तेही पाहिलं. तेव्हा माझे वडील म्हणाले होते, आता एकच क्लब उरला, त्याच्यावर फार जीव लावू नकोस. मी ऐकलं नाही.

एफसी गोवा, सर्जिओ लोबेरा. दोन-अडीच वर्षं त्या माणसाने आम्हाला जे दाखवलं तसा खेळ आमच्या फातोर्ड्याच्या मैदानाने क्वचितच पाहिला असेल. चेंडू आमच्याकडे, समोरचे नुसते सावलीमागे. आणि ३१ जानेवारी २०२० ला त्याला काढलं. साखळीतल्या तीन मॅच उरल्या असताना, तेही आम्ही पहिल्या क्रमांकासाठी लढत असताना! माझा एक मित्र क्लबची बाजू घ्यायचा, म्हणायचा आतलं तुला काय माहीत. खरंच मला काही माहीत नव्हतं. पण मुख्याध्यापकांना दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी काढतात का?

क्लिफर्ड मिरांडाने उरलेलं निभावलं, आणि काय निभावलं. जमशेदपूरला ५-० हरवून आम्ही साखळीत पहिले आलो, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब ठरलो. मित्र म्हणाला, बघ. मी गप्प बसलो.

मग तो पावसाळा आला. लोबेरा मुंबई सिटीकडे. त्याच्या मागून जाहू, मुर्तदा फॉल, बूमूस. आणि मंदार राव देसाई. परदेशी खेळाडू जातातच, ते आपले पाहुणे. पण मंदार गोंयचो. ती बातमी मी बाल्कनीत वाचली, खाली गणपतीची खरेदी चाललेली, आणि मला बाजारात जावंसं वाटेना.

पुढचं दैव बघा. कोविडमुळे तो अख्खा मोसम गोव्यातच खेळवला, बंद दारांआड. उपांत्य फेरीत आमची गाठ मुंबईशी. दोन्ही मॅच बरोबरीत, पेनल्टीवर ६-५ ने आम्ही बाहेर. १३ मार्च २०२१ ला अंतिम सामना फातोर्ड्याला, माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. आमचा माणूस, आमचे खेळाडू, आमचं मैदान, आणि चषक मुंबईचा. आत जाता येत नव्हतं. मी रात्री स्कूटर घेऊन स्टेडियमला एक फेरी मारून आलो. दिवे लागलेले दिसले. का गेलो सांगता येणार नाही.

अंधेरी लोकल

मडगांवकार, आम्ही तुमचे ऋणी आहोत. मनापासून. शेवटच्या मिनिटाला बिपिनने गोल केला तेव्हा मी इतका ओरडलो की सोसायटीच्या वॉचमनने इंटरकॉम केला.

पण त्या रात्रीचं माझं खरं आठवणं वेगळं आहे. पूर्वार्धाच्या शेवटी आमचा अमेय राणावडे टक्कर होऊन कोसळला. रुग्णवाहिका मैदानात. मुंबईचाच पोरगा, आपल्यातला. समालोचक गप्प. घरी आई टीव्ही बघत नव्हती, पण आवाज थांबला म्हणून बाहेर आली आणि विचारलं, "कोणाचा मुलगा आहे?" मी नाव सांगितलं. तिने देवापुढे दिवा लावला. तो ठीक आहे ही बातमी येईपर्यंत चषक वगैरे कोणाला सुचत नव्हतं. त्यानंतर विरुद्ध संघातला कोणी पडला तरी मी 'नाटक करतोय' असं ओरडत नाही. बहुतेक वेळा.

आणि मडगांवकार, हिशेब फिटला म्हणायला हरकत नाही, पण २०२४ ला तुमचा ब्रँडन फर्नांडिसही आमच्याकडे आला. पळतो आता.

मडगांवकार

तूच पळ. लोकल चुकेल.

डावा गुडघा

वर सगळ्यांनी पाहिलेल्या दुखापती लिहिल्यात. मी झालेली लिहिते.

मी नागपूरची, विद्यापीठाच्या संघातून मिडफिल्डला खेळायचे. एकविसाव्या वर्षी एका कडक मैदानावर मी वळले. एवढंच. कोणी धक्का दिला नाही, जवळपास कोणी नव्हतं. पाय जमिनीत रुतला आणि शरीर फिरलं. आतून खट् असा आवाज आला, मला वाटलं शिनगार्ड फुटला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक मुख्य लिगामेंट, पूर्ण तुटलेला.

त्याआधीच्या आठवड्यात गुडघ्याला सूज होती. आमच्या प्रशिक्षकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, बर्फ लाव, उत्तरार्धात वीस मिनिटं काढ. मी काढली असती, पण अकराव्याच मिनिटाला संपलं. सुजेमुळेच झालं असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांच्यावर माझा राग आहे का? आहे. पण मी तेव्हा नाही म्हटलं असतं तर पुढच्या मॅचला मला घेतलं असतं का, हाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला माहीत आहे.

मांडीच्या मागच्या स्नायूबंधाचा तुकडा काढून नवा लिगामेंट बसवतात. ऑपरेशन हा सोपा भाग. उठल्यावर चौथ्या दिवशी फिजिओ म्हणाली, मांडी आवळून दाखव. मी मेंदूतून हुकूम पाठवतेय आणि मांडी हलत नाही. माझीच मांडी! दोन महिन्यांनी टेपने मोजली तर उजवीपेक्षा चार सेंटिमीटर बारीक. मग उशीवर टाच दाबायची, भिंतीला टेकून बसायचं, एका पायावर उभं राहून दात घासायचे. नऊ महिन्यांच्या आत परत खेळायला उतरलं तर पुन्हा तुटण्याचा धोका बराच वाढतो. शरीर सहाव्या महिन्यातच म्हणायला लागतं की मी तयार आहे. शरीर खोटं बोलतं.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर एका प्रश्नाचा. "मग, परत कधी?" मेसवाल्या काकू, वर्गातली मुलं, नातेवाईक. प्रेमानेच विचारायचे. दर वेळी आपण कोणाचं तरी देणं बुडवतोय असं वाटायचं.

बायकांमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळते, आणि त्यावर बोलणं सुरू झालं ते मोठी नावं पडल्यावर. २०२३ च्या महिला वर्ल्डकपला बेथ मीड, लिया विल्यमसन, व्हिव्हियन मिडेमा तिघीही नव्हत्या. तिघी आर्सेनलच्या, तिघींचा एसीएल. मी तेव्हा भिंतीला टेकून बसले होते आणि मोबाइलवर वाचत होते. लाज वाटते लिहायला, पण जरा बरं वाटलं.

अकराव्या महिन्यात मैदानात उतरले. पहिला टॅकल समोरून आला तेव्हा मी पाय काढून घेतला. चेंडू गेला. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "घाबरली!" बरोबर ओरडलं. पुढे मी दोन मोसम खेळले, पण तो पाय काढून घेणं कधीच पूर्ण गेलं नाही. तुमचा लाडका खेळाडू परत आल्यावर 'पूर्वीसारखा राहिला नाही' असं लिहाल तेव्हा हे आठवलं तर बघा.

जर्सीवाला

हे माझ्या मुलाला वाचून दाखवलं. मराठी त्याला अर्धवट कळतं, पण "शरीर खोटं बोलतं" कळलं.

बे एरियातली मावशी

एवढं वाचल्यावर माझं लिहिणं हलकं वाटेल, तरी लिहिते.

सांता क्लाराच्या स्टेडियमपासून आम्ही दहा मिनिटांवर. मला हा हाताचा फुटबॉल ऑफिसमधल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने शिकवला, जेवणाच्या सुट्टीत, मिठाच्या-मिरीच्या पुड्या मांडून. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये आमच्या फोर्टीनायनर्स संघाने तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला निवडता यावं म्हणून तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क देऊन टाकले. सहकारी म्हणाला, हे म्हणजे तीन पिढ्यांचं सोनं विकून एक घोडा घेणं. (घोडा शब्द त्याचा, सोनं माझं.) २०२२ च्या दुसऱ्याच मॅचमध्ये लान्सचा घोटा मोडला. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याला डलासला दिलं, चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात.

आणि त्याच २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा, निवडलेला ब्रॉक पर्डी आमचा क्वार्टरबॅक झाला. इतक्या हुशार माणसांचा इतका अभ्यास, आणि लागलं ते तळाला उरलेलं! मला तर तेव्हापासून स्थळं बघणाऱ्या आईबापांची दया येते.

पण माझं मन ज्याच्यापाशी अडकलंय तो ड्रे ग्रीनलॉ. फेब्रुवारी २०२४, सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना. आमच्या घरी बारा माणसं, पावभाजी. तो बाकावरून उठून मैदानात जायला निघाला, नुसतं उड्या मारत पळाला, आणि अकिलीस तुटला. खेळ सुरूही नव्हता. कोणाला काही दिसलंच नाही, सगळे पाव भाजत होते. आम्ही जादा वेळेत २५-२२ हरलो. तीन दिवसांत बचावाचे प्रशिक्षक स्टीव्ह विल्क्सना काढलं. जादा वेळेत आधी चेंडू घ्यायचा निर्णय मुख्य प्रशिक्षक शॅनहनचा, आपल्या काही खेळाडूंना नवे नियम माहीत नव्हते असं खेळाडूच म्हणाले, आणि घरी गेले विल्क्स. आमच्या ऑफिसातही असंच होतं, म्हणून मला ते लगेच समजलं.

ग्रीनलॉ २०२५ च्या मार्चमध्ये डेन्व्हरला गेला. विल्क्सच्या जागी आलेलाही एका मोसमात बाजूला झाला आणि २०२५ ला त्या खुर्चीत रॉबर्ट सालेह आला. जर्सीवाले, हो, तुम्ही काढलेला तोच. आम्ही आनंदात आहोत.

जर्सीवाला

घ्या. आमच्या घरातलं नको झालेलं कपाट तुमच्या दिवाणखान्यात शोभून दिसतं, नेहमीचंच आहे.

रात्री दीडची मॅच

मी साताऱ्याचा, संघ लिव्हरपूल. ऑक्टोबर २०२० ला व्हॅन डाइकचा गुडघा गेला, मग गोमेझ, मग मॅटिप. सेंटरबॅक, म्हणजे मधले बचावपटू, संपले. १ फेब्रुवारीला बाजार बंद व्हायच्या दिवशी दोन नवे आणले, त्यातला बेन डेव्हिस आमच्यासाठी एकही मॅच खेळला नाही. मी त्याच्या नावाने वाद घालून एक मित्र गमावला होता. मित्र परत आला, मे महिन्यात, गोलकीपर ॲलिसनने पंचाण्णवाव्या मिनिटाला हेडरने गोल केला तेव्हा. रात्री त्याचा फोन, तीन महिन्यांत पहिला. "बघितलंस?" एवढंच. बघितलं होतं.

केशरी टोपी

लोकहो, हे सगळं वाचून मी काल टपरीवर गेलो. संघ नाही, तरी कागद मागितला. अकरा नावं लिहिली, २०१८ ची. आठवणीतून नऊच आली. टपरीवाल्याने दहावं सांगितलं.

जर्सीवाला

ताजी खबर. आज शिबिरात आमच्या नव्या क्वार्टरबॅकच्या पायाचं बोट निखळलं. गाडीत बसवून नेला. शिबिराचा दुसराच दिवस. फार गंभीर नाही म्हणतात. बायकोने बातमी वाचली आणि काही बोलली नाही, जे जास्त वाईट.

आणि ७ सप्टेंबरला मोसमाची पहिली मॅच आहे, आमच्या मैदानावर, पिट्सबर्गशी. रॉजर्स जूनमध्ये पिट्सबर्गला गेला. तिकिटं मी काढून बसलोय, यंदा जरा खालच्या रांगेतली. पोरगा विचारतोय की त्याची आठ नंबरची हिरवी जर्सी आता त्याला आखूड होते, तरी घालू का. कोल्हापूरकरांनी सल्ला द्यावा.

पेठेतला

घालू दे की. फक्त त्या दिवशी न्हाव्याकडं पाठवू नका.